चालू दफ्तराची नक्कल : डिस्क इमेज निघत असतां संगणकावर काम करावें काय?

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या मंडळींपुढें अलीकडे एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. रुमाल सोडून त्यांतील बंदांचीं छायाचित्रें संगणकांत सांठविण्याचा प्रघात आतां गांवोगांवच्या खासगी संग्राहकांपर्यंत पोंचला आहे. हीं छायाचित्रें, मोडीवरून केलेलीं बाळबोध लिप्यंतरें व संग्रहाच्या याद्या ह्यांचें रक्षण व्हावें म्हणून संगणकाच्या सबंध हार्ड डिस्कची एकत्र नक्कल, म्हणजे जिला ‘डिस्क इमेज’ म्हणतात ती, काढून ठेवावी असा सल्ला जाणते लोक देतात. आणि तो योग्यच आहे. परंतु ही नक्कल निघण्यास कित्येक तास लागतात. तेवढ्या अवधींत संगणकास हात लावावा कीं लावूं नये? लावल्यास नक्कल बिघडते काय? आणि त्या अवधींत लिहिलेला मजकूर नकलेंत येतो कीं नाहीं? ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न वरवर यंत्रविद्येचा दिसला, तरी त्याचें मर्म आमच्या वाचकांस परकें नाहीं. मूळ बदलत असतां त्याची प्रत करावयाची झाल्यास ती कोणत्या क्षणाची प्रत ठरते, हा तो प्रश्न होय. पाठचिकित्सा करणारास तो पदोपदीं भेटतो.

१. विषयाची निकड

करवीर क्षेत्रीं ह्या विषयास विशेष निकड आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. कोल्हापुरास सरकारी पुराभिलेखागार आहे. १९६२ सालीं स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयांत हस्तलिखितें आहेत. १८५० सालीं सुरू झालेलें करवीर नगर वाचन मंदिर आपला जुना ग्रंथसंग्रह सांभाळून आहे. तथापि इनामदार, देशमुख, कुलकर्णी, जोशी व मठाधिकारी ह्यांच्या घरचे कागद अद्याप पुष्कळ अंशीं घरांतच आहेत. आणि हीं घरें पंचगंगा, वारणा, कृष्णा ह्या नद्यांच्या कांठांवर आहेत. कोल्हापुराजवळ राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरितात. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत, असें दोन वर्षांच्या अंतरानें दोन वेळां, पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. तळमजल्यावरील पेटींतला रुमाल आणि त्याच खोलींतला संगणक ह्यांस असल्या पाण्यानें सारखाच धोका आहे.

एकुलत्या एक प्रतीवर विसंबल्याचा परिणाम काय होतो, ह्याचें उदाहरण कोल्हापुरास दुसरीकडे शोधावयास नको. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट येथेंच तयार झाले. १९२० चा ‘सैरंध्री’ हा त्यांतलाच. त्या कंपनीच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती आज उपलब्ध नाहींत. भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या दंगलींत जळाला. १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेल्या व पुढें १९३३ मध्यें पुण्यास गेलेल्या प्रभात कंपनीच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हहि २००३ च्या जानेवारींत पुण्यास नायट्रेट फिल्मच्या कोठारास लागलेल्या आगींत सांपडल्या. ज्या कृतींच्या प्रती अन्यत्र होत्या, त्या तेवढ्या राहिल्या. कागदाचा न्याय हाच आहे, आणि संगणकांतील छायाचित्राचाहि हाच आहे.

संग्राहकाच्या बाबतींत धोका एका कारणानें वाढतो. अनेक वेळां रुमाल त्याच्या मालकीचा नसतो. तो चार दिवसांच्या बोलीनें आणिला जातो, त्याचीं छायाचित्रें घेतलीं जातात आणि रुमाल मालकास परत जातो. पुढें मालकाच्या घरीं वाळवी लागली, घराच्या वांटण्या झाल्या किंवा पूर आला, तर संग्राहकाच्या संगणकांतील छायाचित्र हेंच मूळ होऊन बसतें. अशा वेळीं त्या संगणकाची नक्कल नीट आहे कीं नाहीं, हा सोयीचा प्रश्न राहत नसून साधनाच्या अस्तित्वाचा प्रश्न होतो.

२. डिस्क इमेज म्हणजे काय

फाइलींची प्रत आणि डिस्क इमेज ह्यांत भेद आहे. फाइलींची प्रत म्हणजे रुमालांतून निवडक कागद काढून त्यांची नक्कल करणें. डिस्क इमेज म्हणजे सबंध दफ्तरखान्याची नक्कल : कागद तर खरेच, पण त्यांबरोबर फडताळांची मांडणी, खणांचे क्रमांक, यादीची वही आणि दाराच्या किल्ल्यासुद्धां. हार्ड डिस्कवर सर्व मजकूर ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या लहान लहान खणांत असतो. इमेज काढणारा प्रोग्रॅम हे खण ओळीनें वाचतो व त्यांतील मजकूर दुसऱ्या डिस्कवरील एका मोठ्या फाइलींत लिहितो. बहुतेक प्रोग्रॅम रिकामे खण सोडून देतात व भरलेलेच तेवढे घेतात.

ह्याचा लाभ असा कीं, मूळ डिस्क अजिबात निकामी झाली तरी नव्या डिस्कवर ती इमेज उतरवितां येते, आणि संगणक त्या दिवशीं जसा होता तसा पुन्हा उभा राहतो. मोडीचे टंक, सूचीचा प्रोग्रॅम, त्याच्या जोडण्या, सर्व जागच्या जागीं. नुसत्या फाइलींच्या प्रतींनीं हें होत नाहीं. सूचीचा प्रोग्रॅम पुन्हा बसविण्यांत व जुळविण्यांत आठवडे जातात.

आतां वेळाचा हिशेब पाहूं. ए-४ मापाचा एक बंद दर इंचास ४०० ठिपके ह्या मानानें रंगीत स्कॅन केला आणि त्याचा आकार घटविला नाहीं, तर त्याची टिफ फाइल सुमारें ४६ मेगाबाइटची होते. हजार बंदांस ४६ गिगाबाइट लागतात. दहा-बारा हजार बंदांच्या संग्रहास, इतर सामग्री धरून, ६०० गिगाबाइट सहज भरतात. बाहेरील डिस्कवर सेकंदास १०० मेगाबाइट ह्या गतीनें लेखन झालें तर एवढ्या मजकुरास एक तास चाळीस मिनिटें लागतील. जुन्या यूएसबी २.० जोडणीवर ही गति ३० मेगाबाइटच्या आसपास येते. मग तेंच काम साडेपांच तासांवर जातें. इतका वेळ संगणक बंद ठेवणें जिवावर येतें, आणि म्हणून नक्कल काढणें ‘पुढच्या आठवड्यावर’ ढकललें जातें. आमच्या मतें नकलेचा खरा शत्रु हा पुढचा आठवडाच होय.

३. अडचण कोठें आहे

चालू दफ्तराची नक्कल करण्यांत अडचण कोणती, हें पेढीच्या उदाहरणानें चांगलें समजेल. समजा, एका सावकारी पेढीवर कीर्द व खतावणी अशा दोन वह्या चालू आहेत. कीर्दींत रोजची जमा व नांवें लिहितात. खतावणींत तीच रक्कम ज्याच्या त्याच्या खातीं नेतात. एक नकलनवीस सकाळीं खतावणीची नक्कल करावयास बसला. दुपारीं ती संपली, तेव्हां त्यानें कीर्द हातीं घेतली. मध्यंतरीं मुनिमानें दोनशें रुपयांची एक नवी रक्कम कीर्दींत व खतावणींत अशी दोन्हीकडे लिहिली. नकलनविसाच्या कीर्दींत ती रक्कम आली. खतावणींत आली नाहीं. दोन्ही नकला अक्षरशः बरोबर आहेत, तरी त्यांचा मेळ बसत नाहीं. इतकेंच नव्हे, तर पेढीच्या वह्या ह्या स्थितींत दिवसाच्या कोणत्याहि क्षणीं नव्हत्या. जी स्थिति कधीं अस्तित्वांतच नव्हती, तिची ती नक्कल झाली.

डिस्कवर नेमकें हेंच घडूं शकतें. प्रत्येक डिस्कवर एक यादी असते. अमुक नांवाची फाइल अमुक क्रमांकांच्या खणांत आहे, असें ती यादी सांगते. यादीची नक्कल आधीं झाली आणि त्यानंतर फाइली हलल्या, तर नकलेंतील यादी ज्या खणाकडे बोट दाखविते त्या खणांत दुसऱ्याच फाइलीचा मजकूर सांपडतो. इनामपत्राचें छायाचित्र उघडावें आणि अर्ध्या पानावर हिशेबाचा बंद दिसावा, किंवा फाइल मुळींच उघडूं नये, असे प्रकार ह्यांतून निपजतात.

हस्तलिखितांच्या इतिहासांत मिश्र पाठाच्या प्रति विपुल आहेत. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेली अशुद्धें पाहून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, तिचा पाठ शुद्ध केला, हें सर्वश्रुत आहे. परंतु तेथें ताडून पाहण्यास अनेक प्रति होत्या. डिस्क इमेज ही बहुधा एकच असते, आणि मूळ नाहींसें झाल्यावरच तिची आठवण होते. तिच्यांतील मिश्रण दूर करण्यास मग साधन उरत नाहीं.

४. तीन पद्धति

ह्या अडचणीवर तीन प्रकारांनीं वागतां येतें.

पहिला प्रकार पेढी बंद ठेवण्याचा. १९९० नंतरच्या दशकांत ‘नॉर्टन घोस्ट’सारखे प्रोग्रॅम असेच चालत. संगणक फ्लॉपीवरून सुरू करावा, त्याची नेहमींची कार्यप्रणाली निजलेली असावी, आणि नक्कल पुरी होईपर्यंत कोणीं कांहीं लिहूं नये. आजचा ‘क्लोनझिला’ हा विनामूल्य प्रोग्रॅमहि पेन ड्राइव्हवरून सुरू होऊन ह्याच रीतीनें काम करितो. ह्या नकलेविषयीं संशयास जागा नसते. पण तितका वेळ संगणकावर दुसरें काम करितां येत नाहीं.

दुसरा प्रकार म्हणजे पेढी चालू ठेवून नकलनविसास तसेंच बसविण्याचा. चालू डिस्कचे खण कोणतीहि व्यवस्था न करितां ओळीनें उतरवून घेणारीं साधनें आहेत. लिनक्स प्रणालींतील ‘डीडी’ ही आज्ञा चालू डिस्कवर लाविली तर हेंच होतें. वर वर्णिलेली बेमेळ नक्कल ह्याच प्रकारांत निर्माण होते. हा प्रकार संग्राहकांनीं सर्वथा वर्ज्य मानावा.

तिसरा प्रकार आज सर्वाधिक प्रचलित आहे आणि त्यांतील युक्ति मोठी मार्मिक आहे. पुन्हा पेढीकडे वळूं. सकाळीं दहाच्या ठोक्याला मुनीम सर्व कारकुनांस सांगतो, ‘हातांतली नोंद पुरी करा आणि क्षणभर लेखणी खालीं ठेवा.’ सर्व वह्यांचा मेळ बसला कीं तो मनांत एक रेघ ओढतो : नक्कल व्हावयाची ती येथपर्यंतची. मग काम पूर्ववत् सुरू होतें. मात्र एक नियम लागू होतो. दहापूर्वींच्या कोणत्याहि पानावर कांहीं फेरफार करावयाचा झाल्यास, आधीं त्या पानाची जुनी स्थिति एका बाजूच्या वहींत उतरवून ठेवावी, आणि मगच पानास हात लावावा. नकलनविसास इतकेंच सांगितलेलें असतें, ‘प्रत्येक पान घेण्यापूर्वीं बाजूची वही पाहा. त्यांत त्या पानाची जुनी स्थिति असेल तर ती घे. नसेल तर मूळ पान जसेंच्या तसें घे.’ नकलनवीस दुपारीं तीन वाजतां उठला तरी त्याच्या हातीं असलेली नक्कल दहाच्या ठोक्याचीच असते, आणि तिचा मेळ पुरता बसतो.

ह्या रेघेस संगणकाच्या भाषेंत ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. विंडोज प्रणालींत हें काम ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ नांवाची सेवा करिते. २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून ती प्रणालींत आहे. लेखण्या खालीं ठेवण्यास प्रोग्रॅमांना तेथें जास्तींत जास्त ६० सेकंद मिळतात, आणि डिस्कवरील प्रत्यक्ष लेखन १० सेकंदांहून अधिक काळ रोखून धरीत नाहींत. बाजूच्या वहींत जुनीं पानें १६ किलोबाइटांच्या तुकड्यांनीं जातात. लिनक्समध्यें एलव्हीएम, बीटीआरएफएस, झेडएफएस ह्या व्यवस्थांत, आणि अ‍ॅपलच्या संगणकांत २०१७ पासूनच्या एपीएफएस रचनेंत हीच सोय आहे. ह्यांपैकीं कांहींत जुनें पान हलवीत नाहींत; नवा मजकूरच कोऱ्या पानावर लिहितात व जुनें पान नक्कल होईपर्यंत तसेंच राहूं देतात. मार्ग निराळा, फळ तेंच.

५. तीन प्रश्नांचीं उत्तरें

एवढें समजलें म्हणजे आरंभींच्या प्रश्नांचीं उत्तरें आपोआप मिळतात.

संगणकास हात लावावा काय? आपला इमेज काढणारा प्रोग्रॅम स्नॅपशॉटच्या आधारें चालत असेल, तर अवश्य लावावा. विंडोजवर चालू स्थितींत इमेज घेणारे आजचे प्रचलित प्रोग्रॅम बहुतेक असेच आहेत. तरी प्रोग्रॅमच्या माहितीपत्रकांत शॅडो कॉपीचा उल्लेख आहे कीं नाहीं, हें एकदां पाहून घ्यावें.

हात लावल्यास नक्कल बिघडते काय? साध्या वाचन-लेखनानें बिघडत नाहीं. काम मात्र मंदावतें, आणि त्याचें कारण यांत्रिक आहे. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारें ८ मिलिसेकंदांत होतो. नक्कल होत असतां डिस्कचें वाचणारें टोक ओळीनें पुढें सरकत असतें. आपण मध्येंच एखादी फाइल उघडली कीं त्यास ओळ सोडून दूर जावें लागतें, आणि परत यावें लागतें. अशा येरझारा वाढल्या म्हणजे दोन तासांची नक्कल चार तासांवर जाते. एसएसडी जातीच्या डिस्कांत फिरणारी चकती नसते. म्हणून तेथें हा खोळंबा पुष्कळ कमी जाणवतो.

त्या अवधींतील मजकूर नकलेंत येतो काय? येत नाहीं, आणि हें उत्तर सर्वांत महत्त्वाचें आहे. रेघ ओढल्यानंतर लिहिलेलें एक अक्षरहि त्या नकलेंत नसतें. तसेंच रेघेपूर्वीं टंकिलेला पण जतन न केलेला मजकूरहि नकलेंत नसतो. कारण तो डिस्कवर उतरलेलाच नसून संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतींत असतो. बोलणाराच्या मनांतील वाक्य नकलनविसाच्या कागदावर येत नाहीं, तसेंच हें आहे. नक्कल तीन वाजतां पुरी झाली म्हणून ती तीनपर्यंतची, असें समजून जे चालतात, ते फसतात. कॅमेऱ्याच्या कार्डावरील छायाचित्रें साडेदहाला संगणकांत घेतलीं, तीन वाजतां ‘नक्कल पूर्ण’ अशी अक्षरें पडद्यावर पाहिलीं आणि कार्ड पुसून टाकिलें, तर त्या छायाचित्रांची दुसरी प्रत जगांत कोठेंच राहत नाहीं. रुमाल मालकास परत गेला असेल, तर मूळहि हातचें गेलें. यास्तव नियम असा करावा कीं, छायाचित्रें घेतल्यानंतर सुरू झालेली पहिली इमेज पुरी होऊन तपासून होईपर्यंत कार्ड पुसूं नये.

६. कोणतें काम करावें, कोणतें टाळावें

स्नॅपशॉट घेतला असला तरी बाजूच्या वहीस पानांची मर्यादा असते. तिच्यासाठीं डिस्कवर ठराविक जागा राखलेली असते. जुनीं पानें भराभर बदलूं लागलीं आणि ती जागा भरली, तर प्रणाली ती वहीच टाकून देते, आणि नक्कल अर्ध्यावर निष्फळ होते. म्हणून कामांची निवड करावी.

लिप्यंतर लिहिणें, छायाचित्र उघडून वाचणें, सूचींत चार-दोन नोंदी करणें, पत्रव्यवहार करणें, हीं कामें निःशंक करावींत. ह्यांत बदलणारीं पानें अगदीं थोडीं असतात.

स्कॅनरवरून शेंकडों बंद आंत घेणें, हजारों टिफ फाइलींचें एकदम जेपेगमध्यें किंवा पीडीएफमध्यें रूपांतर करणें, मोठमोठे संग्रह एका जागेवरून दुसरीकडे हलविणें, नवे प्रोग्रॅम बसविणें, प्रणालीचे सुधार उतरविणें, डिस्कची आवराआवर करणारा डीफ्रॅग चालविणें, विषाणु शोधण्यासाठीं सबंध डिस्क तपासणें, हीं कामें नक्कल संपेपर्यंत थांबवावींत. ह्यांपैकीं कांहींनीं बाजूची वही भरते, कांहींनीं डिस्क नुसती दमते. जीवर इमेज लिहिली जात आहे त्या बाहेरील डिस्कवर तर दुसरें कांहींच ठेवूं अगर काढूं नये, आणि तिची तार हलवूं नये.

याशिवाय दोन गोष्टी केवळ व्यवहाराच्या आहेत. लॅपटॉप झांकला कीं तो निजतो आणि नक्कल खंडित होते. म्हणून तो उघडा ठेवावा, आणि निजण्याची वेळमर्यादा तेवढ्यापुरती काढून टाकावी. दुसरें असें कीं, आमच्या भागांत पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल ह्याचा भरंवसा नसतो. मेजावरच्या संगणकास यूपीएस असावा. आणि बाहेरील डिस्क निराळ्या विजेवर चालणारी असेल तर तीहि त्याच यूपीएसवर जोडावी. संगणक चालू राहिला आणि डिस्क मात्र विझली, तर नक्कल वांचत नाहीं.

७. सूचीचा प्रोग्रॅम

एका बाबतींत स्नॅपशॉटवरहि पूर्णपणें विसंबूं नये. मोठ्या संग्रहांच्या सूच्या माहितीकोशांत, म्हणजे डेटाबेसमध्यें, असतात. ‘कोहा’ हा ग्रंथालयांतून वापरला जाणारा प्रोग्रॅम मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी ह्या माहितीकोशांवर चालतो. माहितीकोश आपला बराच मजकूर स्मृतींत बाळगतो व सवडीनें डिस्कवर उतरवितो. मुनिमाचा ‘लेखणी खालीं ठेवा’ हा हुकूम त्यास समजत असेल तर तो आपली नोंद पुरी करून थांबतो. समजत नसेल तर इमेजमध्यें त्याची स्थिति अशी येते कीं, जणूं त्या क्षणीं वीजच गेली. चांगले माहितीकोश अशा स्थितींतून स्वतःच्या रोजनिशीच्या साह्यानें बहुधा सांवरतात. तथापि ‘बहुधा’ ह्या शब्दावर पंचवीस वर्षांची सूची सोपविणें शहाणपणाचें नव्हे. इमेज सुरू करण्यापूर्वीं माहितीकोशाचा साधा मजकूररूप उतारा काढून डिस्कवर ठेवावा. मग तो इमेजमध्यें आपोआप येतो. सूचीचा प्रोग्रॅम त्या वेळीं बंद ठेवितां आला तर फारच उत्तम.

८. नकलेची पुष्पिका आणि पारख

जुना लेखक पोथी पुरी झाली म्हणजे शेवटीं शक, संवत्सर, मास, तिथि, स्थळ आणि आपलें नांव लिहीत असे. ती पुष्पिका नसती तर आज कित्येक पोथ्यांचा काल ठरविणें अशक्य झालें असतें. इमेजलाहि पुष्पिका असावी, असा आमचा आग्रह आहे. एका साध्या मजकूर-फाइलींत व डिस्कवर चिकटविलेल्या चिठ्ठीवर पुढील गोष्टी लिहाव्यात : कोणत्या संगणकाची नक्कल, कोणत्या दिवशीं व किती वाजतां सुरू केली, कोणत्या प्रोग्रॅमनें, त्याच्या कोणत्या आवृत्तीनें, आंत कोणते संग्रह आहेत, आणि काढणाराचें नांव. येथें वेळ लिहावयाची ती सुरू केल्याची, संपल्याची नव्हे. कारण वर दाखविल्याप्रमाणें नकलेचा खरा काल तोच होय.

नक्कल झाली म्हणजे ती ताडून पाहावी. बहुतेक प्रोग्रॅमांत इमेज तपासण्याची सोय असते. ती वेळखाऊ म्हणून वगळूं नये. शिवाय इमेजच्या फाइलीचा एसएचए-२५६ पद्धतीचा ठसा काढून पुष्पिकेंत लिहून ठेवावा. हा ६४ अक्षर-अंकांचा ठसा असतो. पुढें कधींहि फाइलींतला एखादा ठिपका जरी बदलला, तरी नवा ठसा जुन्याशीं जुळत नाहीं. ह्याहून मोठी परीक्षा म्हणजे इमेज उघडून तींतील पांच-दहा छायाचित्रें व एक-दोन लिप्यंतरें प्रत्यक्ष वाचून पाहणें. ह्याकरितां इमेज नव्या डिस्कवर उतरविण्याची गरज नाहीं. पुष्कळ प्रोग्रॅम तिला तात्पुरती डिस्क म्हणून जोडून देतात. त्याच बैठकींत संकटकाळीं संगणक सुरू करण्याचा पेन ड्राइव्हहि तयार करून पाहावा. कुलुपाची किल्ली आग लागल्यावर शोधूं नये.

शेवटीं नक्कल ठेवावी कोठें? पीटर क्रॉघ ह्या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केलेला एक सूत्ररूप नियम आहे : प्रति तीन, माध्यमें दोन, आणि एक प्रत परस्थळीं. कोल्हापूरकरांस ‘परस्थळीं’ ह्याचा अर्थ नदीपासून दूर व उंचावर असा करावा लागेल. नदीकांठच्या पेठेंतील संग्राहकानें आपली एक डिस्क पूररेषेबाहेरील आप्ताच्या घरीं ठेवावी, आणि त्याची आपल्याकडे ठेवावी. नक्कल पुरी झाली कीं डिस्क संगणकापासून सोडवून ठेवण्यासहि दुसरें कारण आहे. २०१७ च्या मे महिन्यांत ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें जगभरांतल्या संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. असले प्रोग्रॅम जोडलेल्या बाहेरील डिस्कांसहि सोडीत नाहींत. जी डिस्क पेटींत आहे, तिला ते पोंचूं शकत नाहींत.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. डिस्क इमेज निघत असतां संगणकावर बेताचें काम करण्यास हरकत नाहीं. मात्र प्रोग्रॅम स्नॅपशॉट घेणारा असावा, अवजड कामें पुढें ढकलावींत, आणि नक्कल ही आरंभाच्या क्षणाची आहे हें कधींहि विसरूं नये. काम खोळंबतें ही सबब ह्यापुढें चालावयाची नाहीं. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं प्रत्येक संग्राहकानें आपल्या दफ्तराची एक इमेज काढून, तपासून, पुष्पिकेसह परगांवीं पोंचवावी, अशी आमची सर्वांस विनंती आहे.